प्रवासवर्णन आणि छायाचित्र : टी. नरसीपूरच्या निमित्ताने

१

मराठी प्रवासवर्णनाची चर्चा आजवर बहुधा दोन अंगांनी होत आली आहे. लेखकाचे व्यक्तिमत्त्व त्यात कितपत उमटले आहे, हा एक प्रश्न. आणि माहिती व लालित्य यांचा तोल त्यात कसा राखला गेला आहे, हा दुसरा. तिसऱ्या एका प्रश्नाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. पाहिलेले दाखविण्याचे एक नवे साधन, म्हणजे छायाचित्र, प्रवाशाच्या हाती आल्यानंतर त्याच्या गद्याचे काय झाले, हा तो प्रश्न होय. ज्या काळात प्रत्येक प्रवाशाच्या खिशात कॅमेरा आहे आणि परगावी पाऊल ठेवताच शेकडो छायाचित्रे आपोआप जमा होतात, त्या काळात हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. जे दाखविता येते ते लिहावयाचे कशासाठी, याचे उत्तर प्रवासवर्णनाला आता द्यावे लागणार आहे.

कालदृष्ट्या पाहता छायाचित्रण आणि अर्वाचीन मराठी प्रवासवर्णन ही जवळजवळ समवयस्क आहेत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक होते. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांच्या आत वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तर हिंदुस्थानच्या वाटेला लागले आणि सत्तावन्नच्या बंडात सापडले. त्यांच्याजवळ चित्र काढण्याचे कोणतेही साधन नव्हते. जे पाहिले ते त्यांनी पाव शतक मनात ठेवले आणि १८८३ च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहून काढले. ‘माझा प्रवास’ १९०७ साली वैद्यांनी संस्कारित रूपात छापला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती निघाली ती १९६६ साली. या ग्रंथाचे बळ स्मृतीत आहे. स्मृती निवड करते, क्रम लावते, काही गाळते आणि काही वाढविते. निगेटिव्हला हे जमत नाही. भिंगासमोर जे असेल ते सर्व सारख्याच निष्ठेने टिपून घेणे हा तिचा धर्म आहे. गोडसे भटजींचे गद्य आणि त्याच काळातले छायाचित्र यांच्यामधील हा भेद पुढील सर्व विवेचनाला आधारभूत आहे.

२

परदेशात जाऊन राहिलेल्या मराठी लेखकांनी या भेदाला निरनिराळ्या रीतींनी तोंड दिले. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. तेथून परतल्यावर १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच त्यांची दृष्टी स्पष्ट होते : ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. शासनव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था, घरातील व्यवहार यांची चिकित्सा करावयाची तर त्या समाजात काही काळ राहावे लागते, प्रश्न विचारावे लागतात, उत्तरे ताडून पाहावी लागतात. या गोष्टींचा देखावा नसतो. म्हणून रमाबाईंच्या ग्रंथाला चित्राची गरज गौण आहे.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) वेगळी वाट काढली. तिच्या सोबतीला आली ती शि. द. फडणीसांची रेखाचित्रे. ही निवड योगायोगाची वाटली तरी अर्थपूर्ण आहे. छायाचित्रात प्रवासी सहसा कॅमेऱ्याच्या मागे असतो. आणि पुढे आलाच तर स्मारकासमोर ताठ उभा असतो. व्यंगरेखेत तो दृश्याच्या मधोमध, गोंधळलेला, अवघडलेला असा दिसू शकतो. पुलंच्या गद्याचा विषय नुसते लंडन किंवा पॅरिस हा नव्हता. तेथे गेलेला मराठी माणूस हाही तितकाच त्याचा विषय होता. त्या विषयाला रेखाचित्रच मानवणारे होते.

१९९० नंतरच्या काळात चित्र पालटले. रंगीत छपाई आवाक्यात आली, परदेशप्रवास मध्यमवर्गाच्या कक्षेत आला, आणि प्रवासग्रंथांत गुळगुळीत कागदावरच्या रंगीत छायाचित्रांची पाने नियमाने दिसू लागली. लंडनला घर करून राहिलेल्या मीना प्रभूंसारख्या लेखिकेने ‘माझं लंडन’पासून पुढे अनेक देशांवर विस्ताराने लिहून या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. परंतु या लाटेतील सामान्य पुस्तके वाचताना एक गोष्ट जाणवत राहते. वर्णनाची जबाबदारी छायाचित्राकडे सोपवून गद्य मोकळे झाले खरे. पण त्या मोकळीकीचे त्याने काय केले? बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी उरल्या : मार्गदर्शक पुस्तकातून घेतलेली माहिती आणि उद्गार. स्थळ ‘अप्रतिम’ आहे एवढे सांगून लेखक वाचकाला चित्राकडे पाठवितो. चित्र आणि गद्य ही दोन्ही एकच काम करू लागली, आणि त्या कामात गद्य हरले.

ही कसोटी एखाद्या प्रत्यक्ष स्थळावर लावून पाहिल्याखेरीज तिचा अर्थ उलगडणार नाही. त्यासाठी दूरच्या खंडाची आवश्यकता नाही. जुन्या मराठीत ‘परमुलूख’ हा शब्द भाषा बदलली की लागू होत असे. सागर ओलांडण्याची अट त्याला नव्हती. मैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर हा तालुका मराठी प्रवाशाच्या दृष्टीने असा परमुलूख आहे. देव ओळखीचे, अन्न थोडेसे ओळखीचे, पण लिपी आणि भाषा अनोळखी. शिवाय एकाच तालुक्यात येथे तीन स्थळे अशी आहेत की ज्यांचे दृश्याशी असलेले नाते परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहे. संगमावर जे महत्त्वाचे ते दिसत नाही. सोमनाथपुरात सर्व काही दिसते. तळकाडात जे होते ते झाकले गेले आहे.

३

टी. नरसीपूर म्हणजे तिरुमकूडलु नरसीपूर. कोडगूतून आलेली कावेरी आणि केरळातील वायनाडकडून आलेली कबिनी, म्हणजेच कपिला, येथे एकत्र येतात. श्रद्धेनुसार हा दोन नद्यांचा संगम नाही, तिहींचा आहे. तिसरे जल स्फटिक सरोवराचे. ते गुप्त मानले जाते. प्रयागच्या सरस्वतीची आठवण येथे अपरिहार्य आहे. गुंज नरसिंहाचे मंदिर नदीकाठी आहे, आणि मूर्तीच्या हातातील गुंजेविषयी सांगितले जाते ते असे की पुण्याच्या तराजूत हे क्षेत्र काशीहून गुंजभर जड आहे. पलीकडे अगस्त्येश्वराचे देऊळ आहे. १९८९ पासून येथे साधारणतः दर तीन वर्षांनी कुंभमेळा भरू लागला. फेब्रुवारी २०२५ मध्येही तो भरला. नदीकाठच्या वस्तीचे वय मात्र देवळांपेक्षा फार मोठे आहे. म. शेषाद्री यांनी येथे केलेल्या उत्खननात नवाश्मयुगीन वसाहतीचे आणि दफनांचे अवशेष मिळाले; त्याचा अहवाल १९७१ साली प्रसिद्ध झाला.

या संगमाचे छायाचित्र घेणारा काय घेतो? पाण्याचे दोन विस्तार, मधली वाळूची जीभ, काठावरचे शिखर, स्नान करणारी माणसे. तिसरी नदी घेता येत नाही. आणि या स्थळाचा सर्व अर्थ तर त्या तिसऱ्या नदीवर उभा आहे. ‘येथे तीन नद्या आहेत’ हे वाक्य फक्त भाषेत शक्य आहे. गद्याला हा एक अधिकार स्वभावतःच मिळालेला आहे : जे नाही, किंवा दिसत नाही, त्याचे अस्तित्व ते सांगू शकते. गुंजेची कथाही अशीच. मूर्तीच्या हातातील इवल्या बीचे छायाचित्र घेता येईल. परंतु काशीशी केलेली तुलना, त्या तुलनेतील अभिमान, आणि फरक फक्त गुंजेएवढाच ठेवण्यातील विनय ही चित्रात येत नाहीत. काशीपेक्षा शतपट श्रेष्ठ असा दावा येथील लोकमानसाने केला नाही. सोनाराच्या काट्यावरील लहानात लहान वजन त्याने उचलले. पैठणला दक्षिणकाशी म्हणणाऱ्या मराठी मनाला या हिशेबाची रीत चांगली समजते. प्रत्येक प्रदेश स्वतःला काशीच्या मापाने मोजतो, आणि गोडसे भटजी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन परततात तेही त्याच मापाच्या बळावर.

नदीविषयीच्या मराठी लेखनात काका कालेलकरांचे नाव येथे आठवते. नदीला ‘लोकमाता’ म्हणणे ही त्यांची दृष्टी होती. तिच्यात भूगोल, पुराण आणि आपुलकी एकत्र नांदतात, आणि नदीकडे पाहणे हे दर्शन ठरते. दर्शनात पाहणारा आणि पाहिले जाणारे यांच्यात देवघेव असते. कॅमेऱ्यामागचा डोळा घेतो. देत काहीच नाही. मेळ्यात स्नान करणाऱ्या स्त्रीपुरुषांची छायाचित्रे पाहताना हा भेद टोचू लागतो. ओल्या वस्त्रांनिशी काठावर उभ्या असलेल्या वृद्धेला आपण ‘सांस्कृतिक शोधा’चा विषय झालो आहोत याची कल्पना नसते. तिचा चेहरा घेतला जातो, तिचे गाव, तिने नदीकडे मागितलेली गोष्ट, तिच्यासोबत आलेली माणसे घेतली जात नाहीत. तिच्याशी दोन शब्द बोलावयाचे तर कन्नड यावयास हवे. छायाचित्राने प्रवाशाची भाषेच्या अडचणीतून सुटका केली असे म्हटले जाते. वास्तविक त्याने ती अडचण त्याच्या दृष्टीआड केली.

४

टी. नरसीपूरपासून थोड्या अंतरावर, त्याच तालुक्यात, सोमनाथपूर आहे. होयसळ राजा तिसरा नरसिंह याचा दंडनायक सोमनाथ याने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात वसविलेल्या या अग्रहारात केशवमंदिर उभे आहे. केशव, जनार्दन आणि वेणुगोपाळ यांचे तीन गाभारे, तारकाकृती जोते, मऊ संगजिऱ्याच्या जातीच्या दगडात कोरलेली तसूतसू भिंत. बेलूर आणि हळेबीड यांच्यासह हे मंदिर सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. कॅमेऱ्याला याहून सोयीचे स्थळ सापडणे कठीण. येथे लपलेले असे काही नाही. जेथे भिंग वळवावे तेथे शिल्प आहे.

या विपुलतेचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. कन्नड प्रदेशातील मंदिरांची आरंभीची पद्धतशीर छायाचित्रे घेतली गेली ती १८५५ नंतरच्या काही वर्षांत. ती घेणाऱ्यांत मुंबई तोफखान्यातील टॉमस बिग्ज आणि मुंबईच्या वैद्यकीय सेवेतील विल्यम पिगू हे होते, मद्रासकडील डॉ. नील यांनी हळेबीडसारख्या स्थळी काम केले. या तिघांची छायाचित्रे, मेडोज टेलर व जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह, १८६६ साली लंडनमध्ये ‘धारवाड आणि मैसूर’ येथील वास्तुकलेवरील एका भव्य ग्रंथात आली. त्या काळच्या कागदी निगेटिव्हला प्रकाश द्यावयास बराच वेळ लागे. त्यामुळे हलती माणसे तीत उमटत नसत, किंवा पुसट सावलीसारखी उमटत. उमटावी अशी असतील ती प्रमाण कळण्यासाठी स्तब्ध उभी केलेली असत. परिणामी मंदिरे निर्मनुष्य दिसू लागली. ज्या समाजाने ती बांधली आणि वापरली तो चित्रातून निघून गेला. ‘भग्न, ओसाड, प्राचीन भारत’ ही प्रतिमा घडविण्यात साम्राज्यवादी दृष्टीचा वाटा होताच. परंतु रसायनाच्या मंदगतीचाही होता. आजचा हौशी प्रवासी माणसे बाजूला होण्याची वाट पाहतो आणि मग चित्र घेतो, तेव्हा तो नकळत त्याच जुन्या चौकटीचे अनुकरण करीत असतो. आता त्याला रसायनाची सबबही नाही.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. सोमनाथपूरची मूळ केशवमूर्ती आज जागेवर नाही आणि मंदिर पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. पूजा चालू असलेल्या देवळांच्या गाभाऱ्यात कॅमेऱ्याला सहसा मज्जाव असतो. म्हणजे ज्या देवळातील नित्याचा उपचार थांबला ते सर्वाधिक छायाचित्रित होते, आणि ज्या देवळात तो चालू आहे ते मागे पडते. गुंज नरसिंह आणि केशव एकाच तालुक्यात आहेत; जगाच्या चित्रसंग्रहात मात्र त्यांच्यात अमाप अंतर पडले आहे. चित्रांच्या आधारे एखाद्या प्रदेशाची संस्कृती समजून घेणाऱ्याला तिचे थांबलेले अंगच प्रामुख्याने दिसेल, हा धोका प्रवासवर्णनकाराने ओळखावयास हवा. दक्षिणेविषयीच्या ठरीव प्रतिमांचेही असेच आहे. गंगाधर गाडगीळांनी १९५२ साली आपल्या दक्षिणेकडील प्रवासाच्या पुस्तकाला ‘गोपुरांच्या प्रदेशात’ असे समर्पक नाव दिले. परंतु ‘दक्षिण म्हणजे गोपुर’ हे समीकरण पुढे भित्तिपत्रकांनी आणि दिनदर्शिकांनी इतके रूढ केले की सोमनाथपूरसारखे बुटके, पसरट, उंच गोपुर नसलेले मंदिर त्या प्रतिमेत बसत नाही. प्रतिमा आधी पोहोचते आणि प्रवासी तिच्या शोधात जातो, असा उलटा क्रम येथे लागतो.

आता प्रत्यक्ष शिल्पाकडे यावे. जोत्यावरील पट्ट एकावर एक रचलेले आहेत : हत्ती, घोडेस्वार, वेलबुट्टी, मग कथाप्रसंग. प्रदक्षिणेच्या मार्गाने चालू लागले की दक्षिणेच्या गाभाऱ्याभोवती रामायण, मागील बाजूस भागवत आणि उत्तरेकडे महाभारत अशा क्रमाने कथा उलगडते. हे शिल्प चालणाऱ्यासाठी केले आहे. उभ्या राहणाऱ्यासाठी नाही. त्याच्या आस्वादाला पावलांची लय लागते. शिवाय भिंत तारकाकृती असल्याने दर काही पावलांवर ती वळते, आणि एक प्रसंग डोळ्यांआड होतो तोच दुसरा समोर येतो. छायाचित्र या प्रवाहातून एक चौकोन कापून घेते. त्या चौकोनात शिल्पकाराच्या छिन्नीचे काम उघड्या डोळ्यांहूनही स्पष्ट दिसते, हे मान्य केलेच पाहिजे. उंचावरील मूर्तीच्या अलंकाराचा एखादा तपशील तर चित्राखेरीज दिसतच नाही. अभ्यासकाचे त्यावाचून अडते. १९१७ साली आर. नरसिंहाचार यांनी या मंदिरावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, तेव्हापासून चित्र आणि मजकूर यांची सांगड या मंदिराच्या अभ्यासात घातली गेली आहे. परंतु कथेचा क्रम, वळणावरचा विराम, मागे राहिलेल्या प्रसंगाची पुढच्यावर पडणारी छाया ही गद्याच्या हातची आहेत. वाक्यामागून वाक्य येते तसे पाऊल पडते. ज्या प्रवासवर्णनात प्रदक्षिणा घडते ते छायाचित्राला प्रतिस्पर्धी न होता त्याचे पूरक होते.

आणि शेवटी सह्या. सोमनाथपूरच्या अनेक मूर्तींखाली त्या घडविणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. मल्लितम्म हे नाव त्यांत पुनःपुन्हा येते. भारतीय शिल्पकार अनामिक होता, असे जे सरसकट विधान केले जाते त्याला येथे दगडातच उत्तर आहे. मराठी प्रवाशाच्या कॅमेऱ्यात ही नावे येतात. मूर्तीच्या पायाशी असल्याने ती टाळताही येत नाहीत. पण त्याला ती वाचता येत नाहीत. वेलबुट्टीचाच एखादा तुकडा असावा तशी ती चित्रात पडून राहतात. छायाचित्राने अक्षर घरी आणले, वाचन आणले नाही. पाहणे आणि वाचणे यांच्यातील हे अंतर म्हणजेच प्रवास आणि सांस्कृतिक शोध यांच्यातील अंतर होय.

५

याच तालुक्यातील तळकाड हे गंगांच्या राजधानीचे नगर. गंगांमागून चोळांनी ते घेतले, आणि बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात होयसळ विष्णुवर्धनाने चोळांकडून ते जिंकून ‘तलकाडुगोंड’ असे बिरुद धारण केले. त्या विजयाशी कीर्तिनारायण मंदिराचा संबंध जोडला जातो. पुढे कावेरीच्या वळणावरची वाळू वाऱ्याबरोबर नगरावर चढत गेली आणि देवळे तिच्याखाली गेली. अलमेलम्मेच्या शापाची कथा याचेच कारण सांगते : तळकाड वाळू होवो, मालंगी डोह होवो, मैसूरच्या राजांना संतती न होवो. १६१० साली राजा वडेयराने श्रीरंगपट्टण घेतले त्या घटनेभोवती ही कथा गुंफलेली आहे. अभ्यासकांनी नदीचे वळण, वाऱ्याची दिशा आणि वरच्या अंगास बांधलेला जुना बंधारा यांच्यात कारण शोधले आहे. पाच शिवलिंगांच्या दर्शनाचा येथील सोहळा ठराविक अंतराने येत नाही. कार्तिकातील विशिष्ट योग जुळेल त्या वर्षी तो होतो. यापूर्वीचा एक सोहळा २०१३ साली झाला, आणि त्यानंतरचा २०२० साली.

तळकाडचे छायाचित्र म्हणजे वाळूचे छायाचित्र. आणि तिच्यातील खोलगट जागी उतरून पाहावयाच्या देवळांचे. नगराचे चित्र घेता येत नाही, कारण नगर नाही. येथे गद्याचे काम उत्खननासारखे आहे. एकेक थर बाजूला करीत काळातून मागे जावे लागते. आणि तसे जाऊ लागले की मराठी वाचकाला एका अनपेक्षित जागी पोहोचता येते. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठी भाषेतील जो प्राचीन लेख आहे, तो मूर्ती घडविणाऱ्या चावुंडरायाचे नाव सांगतो. हा चावुंडराय गंग राजांचा मंत्री होता; तळकाड ज्यांची राजधानी, त्याच गंगांचा. लेखाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि मराठीतील आद्य लेख कोणता याचा निर्णयही पुढील संशोधनाने बदलला आहे. परंतु ज्या लेखाला कित्येक दशके आपल्या भाषेचा आरंभ मानले गेले, त्यात तळकाडच्या राजसभेतील एका पुरुषाचे नाव आहे, ही गोष्ट राहतेच. वाळूच्या ढिगाऱ्यासमोर उभा असलेला मराठी प्रवासी आपल्याच भाषेच्या बालपणाजवळ उभा असतो. त्याच्या कॅमेऱ्यात हे येत नाही, कारण हा संबंध वस्तूत नाही; तो ज्ञानात आहे.

या ज्ञानाचे साधन कोणते होते, हे पाहणेही उद्बोधक आहे. बी. लुईस राईस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे खंड १८८६ पासून प्रसिद्ध केले, टी. नरसीपूर तालुक्यातील लेख त्यांच्या १८९४ च्या तिसऱ्या खंडात आहेत. अशा कामात लेखाचा ठसा घेतला जातो. ओला कागद दगडावर बसवावयाचा, ब्रशाने तो अक्षरांच्या खाचांत ठोकावयाचा, शाई फिरवावयाची आणि वाळल्यावर अलगद सोडवावयाचा. ठसाही एक प्रकारचे चित्रच आहे. पण तो दुरून घेता येत नाही. दगडाला हात लावावा लागतो, वेळ द्यावा लागतो, आणि मुख्य म्हणजे तो वाचण्यासाठीच घेतलेला असतो. प्रवासवर्णनाला आदर्शच हवा असेल तर छायाचित्रापेक्षा ठशाचा आदर्श अधिक जवळचा आहे.

६

सोमनाथपूरच्या मंदिराविषयी एक धागा अद्याप राहिला आहे. ज्या तिसऱ्या नरसिंहाच्या राज्यात ते उभे राहिले त्याचा पिता होयसळ सोमेश्वर. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात १२३७ सालचा जो शिलालेख आहे तो याच सोमेश्वराच्या दानाचा. भीमेच्या तीरावरील एका दगडावर पित्याचे नाव आहे आणि कावेरीच्या खोऱ्यातील एका मंदिरावर पुत्राच्या राज्याची खूण. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठलाच्या दाक्षिणात्य अनुबंधांचा जो विस्तृत शोध घेतला, त्यानंतर ‘कानडा’ या विशेषणाकडे नुसता काव्यालंकार म्हणून पाहणे शक्य राहिले नाही. सोमनाथपूरला गेलेला वारकरी कुटुंबातील प्रवासी परमुलखात असतो खरा. परंतु तो आपल्याच क्षेत्राच्या इतिहासाचे दुसरे टोक पाहत असतो.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठी आणि कन्नड यांच्यातील संबंधांवर सीमावादाची गडद छाया पडली आहे. अशा वातावरणात श्रवणबेळगोळचा मराठी लेख किंवा पंढरपूरचा होयसळ लेख हाती येताच ‘हे मूळचे आमचे’ असा दावा दोन्ही बाजूंनी करता येतो. असा दावा म्हणजे शोधाचा शेवट होय. ढेऱ्यांनी योजलेला ‘समन्वय’ हा शब्द या ठिकाणी नेमका आहे. संबंध दाखविणे म्हणजे मालकी सांगणे नव्हे. परक्याचे परकेपण कायम ठेवून त्याच्याशी असलेले नाते ओळखणे, हीच प्रवासवर्णनाची कठीण कामगिरी आहे; आणि नवलाचे छायाचित्र घेऊन ती टाळता येते म्हणूनच छायाचित्राचा मोह एवढा मोठा असतो.

परदेशी दीर्घकाळ राहिलेल्यांचा अनुभव या निष्कर्षाला बळ देतो. नवखा माणूस पहिल्या महिन्यात सर्वाधिक चित्रे घेतो : रस्ता, दुकान, बर्फ, स्टेशन. पुढे नवल ओसरते आणि चित्रे थांबतात. परंतु समजून घेण्याचा खरा काळ तेव्हाच सुरू होतो. शेजाऱ्याचे मौन कशामुळे, कोणता विनोद कोणासमोर चालत नाही, आजारपणात कोण दार वाजविते, ही माणसाला उशिरा कळणारी सत्ये आहेत. म्हणून परदेशवास्तव्यावरील पुस्तकांत पहिल्या नजरेतील चमक आणि नंतरची समज यांपैकी कशाला जागा मिळाली आहे हे पाहावे लागते. पु. लं.चे ‘वंगचित्रे’ (१९७४) या कसोटीवर ‘अपूर्वाई’हूनही महत्त्वाचे ठरते. नावात चित्रे असलेले हे पुस्तक भाषेच्या अध्ययनातून जन्माला आले. कीर्तीच्या शिखरावर असलेला लेखक पन्नाशीत शांतिनिकेतनात विद्यार्थी होऊन बंगाली शिकावयास बसला. प्रवाशाने परमुलखाला दिलेला हा मोबदला होता. संगमावरील वृद्धेच्या संदर्भात वर ज्या देवघेवीचा उल्लेख केला तिचे हे वाङ्मयीन रूप.

छायाचित्राविरुद्ध तक्रार करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. १८५० च्या दशकातील चित्रे नसती तर कित्येक मंदिरांची त्या वेळची अवस्था आज कळली नसती. वाळूत आणि काळात बुडणाऱ्या गोष्टींचा तो आधार आहे. प्रश्न आहे तो गद्याने स्वतःचे क्षेत्र सोडून देण्याचा. टी. नरसीपूर तालुक्यातील तीन स्थळे ते क्षेत्र आखून देतात. संगम सांगतो की अदृश्याचे कथन करावे; सोमनाथपूर सांगते की दृश्याला क्रम द्यावा आणि त्यावरील अक्षर वाचावे; तळकाड सांगते की झाकलेले उकलावे व त्याचे आपल्याशी असलेले नाते तपासावे. मराठी प्रवासवर्णनाने या तिन्ही गोष्टी पूर्वी निरनिराळ्या लेखकांच्या हातून केलेल्या आहेत. गोडसे भटजींची स्मृती, रमाबाईंची चिकित्सा, कालेलकरांचे दर्शन आणि पुलंचे भाषाध्ययन ही त्याची कमाई आहे. परमुलखाला निघालेल्या आजच्या लेखकाने कॅमेरा जरूर न्यावा. परंतु निघण्यापूर्वी तेथील लिपीची बाराखडीही शिकून घ्यावी. मल्लितम्म हे नाव मूर्तीखाली स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येणे, एवढ्यापासून सुरुवात झाली तरी पुढच्या पुस्तकाचे स्वरूप बदलेल.